कॉलेजातून लष्कराकडे

वसई-विरारमधली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. आणि विद्यापीठांतल्या खाकी गणवेशाची परंपरा थेट पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाते.

१९१७ मध्ये सैन्याला माणसं कमी पडू लागली, तेव्हा इंग्रज सरकारने विद्यापीठांत लष्करी तुकड्या उभारल्या. १९२० च्या कायद्यानंतर त्यांचं ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झालं. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, १९४२ मध्ये, नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द आला. पण हवे तेवढे अधिकारी काही मिळाले नाहीत.

मग १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात ती सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक.

आज कवायत, नकाशावाचन, पॉइंट टू-टू रायफलची नेमबाजी शिकत कॅडेट ‘सी’ प्रमाणपत्राच्या परीक्षेपर्यंत पोहोचतो. त्यात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर भूदलाच्या एनसीसी विशेष प्रवेशासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जांची छाननी होते आणि निवडक उमेदवारांना सेवा निवड मंडळ पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावतं.