गिऱ्हाइकापुढें बोलतांना

श्रोतेहो, मी कांहीं व्यापारी नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों आणि पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून निवृत्त झालों. तरीहि गिऱ्हाइकापुढें आपलें म्हणणें कसें मांडावें, या विषयावर चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें; कारण मास्तर आणि विक्रेता यांची अडचण एकच असते. ज्यांचें मन दुसरीकडे आहे, त्यांचें लक्ष दोघांनाहि मिळवावयाचें असतें.

माझा भाचा पुण्यांत इमारतींच्या गच्चीवर सौर वीजसंच बसवून देण्याचा धंदा करतो. भांडवल कर्जाऊ, हाताखालीं तीन माणसें. गेल्या वर्षीं एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत त्यानें आपली योजना मांडली. चाळीस स्लाइड्स तयार केल्या होत्या. पडद्याकडे तोंड करून त्या त्यानें एकामागून एक वाचून दाखविल्या : सिलिकॉनच्या जाती, इन्व्हर्टरची कार्यक्षमता, कारखान्याचा इतिहास. विसाव्या मिनिटाला अध्यक्षांनीं घड्याळ पाहिलें, कोषाध्यक्षांनीं जांभई दिली, आणि काम दुसऱ्याकडे गेलें. रात्रीं माझ्याकडे येऊन तो म्हणाला, "मामा, माझ्या अंगीं आत्मविश्वासच नाहीं. उभा राहिलों कीं घसा कोरडा पडतो. असें आणखी एक काम गेलें, तर माणसांचे पगार कोठून देऊं?"

मीं विचारलें, "त्या सभासदांना काय हवें होतें?" तो गप्प बसला. मग आम्हीं कागद घेऊन त्यांच्या शंका लिहून काढल्या. लिफ्टचें व पंपाचें बिल किती उतरेल? गच्ची गळूं लागली तर जबाबदार कोण? पॅनेलवरची धूळ कोणीं पुसावयाची? पावसाळ्यांत काय? चाळीस स्लाइड्समध्यें यांपैकीं एकाचेंहि उत्तर नव्हतें. कोरड्या घशाचें कारण मला तेथें सांपडलें. 'मी कसा दिसतों, कसा बोलतों' याच विचारांत जो असतो, त्याला भीति वाटते. समोरच्याच्या अडचणींत ज्याचें मन गुंतलें, त्याला भ्यावयास फारशी सवड उरत नाहीं.

मायकेल फॅरडे हा थोर शास्त्रज्ञ मूळचा पुस्तकबांधणीच्या दुकानांतला उमेदवार. शालेय शिक्षण जेमतेम. पुढें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्याचीं व्याख्यानें गाजलीं; पण ती कला त्यानें कष्टानें मिळविली होती. वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे त्यानें धडे घेतले. बोलतांना घाई होऊं नये म्हणून 'हळू' असें लिहिलेलें कार्ड तो समोर ठेवी. १८६०-६१ च्या नाताळांत मुलांना रसायनशास्त्र सांगतांना त्यानें आरंभ केला, तो प्रत्येकानें पाहिलेल्या साध्या मेणबत्तीपासून! आपला कीर्तनकारहि पूर्वरंगांतील निरूपण जड होऊं लागलें कीं प्रपंचांतला एखादा दृष्टांत देतो. ओळखीच्या वस्तूपासून निघावें, म्हणजे ऐकणारा बरोबर चालूं लागतो.

पुढच्या सभेपूर्वीं भाच्यानें आपलें भाषण मामीपुढें मोठ्यानें म्हणून पाहिलें. जेथें जेथें ती "म्हणजे काय रे?" म्हणाली, तेथें तेथें शब्द बदलला. आरंभींचीं दोन वाक्यें मात्र तोंडपाठ केलीं. बाकीचे केवळ मुद्दे. सभेच्या जागीं अर्धा तास आधीं जाऊन खुर्च्या, पडदा, उजेड पाहून ठेवला. या वेळीं स्लाइड्स सातच, आणि पहिलीवर त्या संस्थेचेंच वीजबिल!

तो म्हणाला, "आपल्या लिफ्टला आणि पंपाला महिन्याला बाराशें युनिट लागतात. एक किलोवॅटच्या संचांतून वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें चार युनिट मिळतात. म्हणजे दहा किलोवॅटचा संच पुरेल; गच्चीवर सुमारें हजार चौरस फूट जागा लागेल." एवढें बोलून तो थांबला. हें थांबणें फार अवघड असतें. पण आंकडा मनांत उतरावयास तेवढा अवकाश द्यावाच लागतो. बोलतांना एक वाक्य एका चेहऱ्याकडे पाहून पुरें करावें, मग दुसऱ्याकडे वळावें, हेंहि मीं त्याला सांगितलें होतें. पावसाळ्यांत वीज कमी मिळते, हें त्यानें कोणी न विचारतांच सांगितलें. विम्याविषयीं प्रश्न आला तेव्हां म्हणाला, "हें मला आत्तां सांगतां येत नाहीं, उद्यां सायंकाळपर्यंत कळवितों." आणि त्याप्रमाणें कळविलेंहि. वीस मिनिटांपैकीं पांच त्यानें प्रश्नांसाठीं राखलीं होतीं. तीं पुरलीं नाहींत.

निर्णय त्या दिवशीं झाला नाहीं. पण चार दिवसांनीं चिटणिसांनीं त्याला गच्चीचें माप घ्यावयास बोलाविलें, आणि पुढें काम त्यालाच मिळालें. मीं विचारलें, "काय रे, घसा?" तो हंसून म्हणाला, "पडला होता कोरडा, मामा. पण पहिलीं दोन वाक्यें संपेपर्यंतच."

श्रोतेहो, तीं दोन वाक्यें आपणांपैकीं प्रत्येकाला पार पाडतां येतील.