चोळीचें बेतणें

यूरोपांतील कॉर्सेट पोलादी पट्ट्यांनीं देहाला वळण लावीत असे. महाराष्ट्रांतील चोळी देहाच्या वळणानें बेतली जाते. तिला आधार शिवणींचा आणि पुढील गांठीचा.

म्हणून अमरावती-अकोल्याकडील गृहिणीनें गुळेदगुड्डचा काठाचा खण कात्रीखालीं घालण्यापूर्वीं मांजरपाटाची कच्ची चोळी शिवून पाहावी. सुती कापड धुतल्यावर आटतें. तें आधीं भिजवून वाळवावें, मगच कापावें. कच्ची चोळी घालून, गांठ बांधून, हात डोक्यावर न्यावे. चोळी वर सरकली, तर दोष बहुधा घेराचा नसून काखेचा असतो. तेथें घेर वाढविल्यास पाठ तेवढी ढिली पडते. त्याऐवजीं काखेंत चौकोनी तुकडा तिरपा बसवावा. उरेब कापड ताण सोसतें आणि हात मोकळा होतो.

छातीखालचा घेर दीर्घ श्वास घेऊन मापावा. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां आवळलेली चोळी ही शिक्षाच होय. शिवणींत अर्धा इंच कापड जास्त ठेवावें, म्हणजे पुढें अंग भरल्यास उसवून वाढवितां येतें. खणाचें कापड बेताचेंच असतें. त्यावर चुकलेली कात्री भरून निघत नाहीं. मांजरपाटावरील चूक मात्र स्वस्तांत सुटते.