फ्रीजमधील दुर्गंध



एका उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सारीं पंधरा दिवस कोंकणांत होतों. परत येऊन मुंबईच्या बिऱ्हाडाचें दार उघडलें, तों पुढें पाऊल टाकण्याचें धैर्य कोणासहि होईना. आमच्या मागें फ्रीजची वीज केव्हांतरी गेली होती, आणि बर्फाच्या कप्प्यांत जपून ठेवलेली सुरमई आपल्या अस्तित्वाची ग्वाही सबंध घराला देत होती. मीं घाईघाईनें मासळी टाकून दिली, ओलें फडकें फिरविलें आणि आंत कापराच्या वड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशीं कापूर आणि सुरमई यांचा जो संयुक्त परिमळ सुटला, त्याचें वर्णन न करणेंच बरें!

वासावर वास चढविल्यानें तो जात नाहीं; त्याची जात ओळखावी लागते. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन नांवाच्या द्रव्याचा असतो. तें अल्कधर्मी आहे. म्हणून त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांसारखें आम्लच चालतें. दोहोंच्या संयोगानें हवेंत न उडणारें लवण बनतें, आणि जें उडत नाहीं तें नाकापर्यंत पोंचत नाहीं. मासळीला लिंबू पिळणारी आपली आजी हें रसायनशास्त्र न शिकतांच जाणत होती. नासलेल्या दुधालोण्याची गोष्ट उलट. तो वास ब्युटिरिक आम्लासारख्या आम्लांचा. तेथें लिंबू निरुपयोगी, खाण्याचा सोडाच हवा. लिटरभर कोमट पाण्यांत मोठा चमचाभर पुरे. सोड्याची उघडी वाटी फ्रीजच्या कोपऱ्यांत ठेवून स्वस्थ बसणाऱ्यांनीं मात्र फार आशा धरूं नये. हवेला वरचा थर तेवढा लागतो. त्यापेक्षां सक्रिय कोळसा सरस. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग शेंकडों चौरस मीटर भरतो, व वासाचे कण तेथें चिकटून राहतात. शेगडीचा साधा कोळसा त्या योग्यतेचा नव्हे.

तथापि आमचा वास या कशानेंहि हटेना. कप्पे धुतले, दरवाजाच्या रबरी पट्टीच्या घड्या पुसल्या, बर्फहि फेंकून दिला, तरी तो कायम. अखेर शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, मागची ताटली पाहिलीत का?” फ्रीजच्या आंत मागील भिंतीशीं एक बारीक छिद्र असतें, वितळलेल्या दंवाचें पाणी त्यांतून उतरून यंत्राजवळच्या ताटलींत सांचतें. सुरमईचें पाणीहि त्याच वाटेनें गेलें होतें! वीज बंद करून फ्रीज पुढें ओढला. ताटली व नळी सोड्याच्या पाण्यानें धुऊन शेवटीं व्हिनेगरचा हात फिरविला, तेव्हां कोठें घर मोकळा श्वास घेऊं लागलें. येथें एक सूचना: कपडे शुभ्र करण्याचें ब्लीच व्हिनेगरशीं कधींहि मिसळूं नये, त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो.

या धांदलींत आईनें आमटीचा एक डबा बाजूस काढून ठेवला होता. “याला कांहीं वास नाहीं, अन्न टाकतोस कशाला?” तिनें टंचाईचे दिवस पाहिलेले, तिचें म्हणणें मला जिव्हारीं लागलें. पण दुर्गंध उत्पन्न करणारे जंतु आणि माणसास आजारी पाडणारे जंतु बहुधा वेगळे असतात. लिस्टेरिया नांवाचा जंतु तर चालू फ्रीजच्या थंडींतहि वाढतो, आणि वास, रंग, चव कशांतहि आपला पत्ता देत नाहीं. दरवाजा बंद राहिल्यास वीज गेल्यावर फ्रीजमधील नाशवंत अन्न सुमारें ४ तास टिकतें. गच्च भरलेला बर्फाचा कप्पा सुमारें ४८ तास. आमचे तर किती दिवस गेले होते कोणास ठाऊक! डबा मीं तिच्यादेखत रिकामा केला. त्या संध्याकाळीं ती माझ्याशीं फारशी बोलली नाहीं.

आतां गांवीं निघतांना आम्ही फ्रीज रिकामा करतों, बंद करून कोरडा पुसतों, आणि दरवाजांत दुमडलेला पंचा अडकवून तो किलकिला ठेवतों. पंचा आईच शोधून आणते.