दासोपंतांचे मिशनरी भाषांतरकार

मराठवाड्यातल्या किल्लारीच्या पूर्वेला बिदर आणि उत्तरेला अंबाजोगाई. संतकवी दासोपंतांचे बरेचसे आयुष्य या दोन गावांच्या टापूत गेले. त्यांचे जुने ओवीबद्ध चरित्र १९२८ साली इंग्रजीत आणले ते जस्टिन ॲबट यांनी. जन्म १८५३ चा, वडील अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये, स्वतःची हयातही त्याच मिशनच्या कामात गेलेली. निवृत्तीनंतर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून सत्तरी उलटल्यावर त्यांनी भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम यांची चरित्रे एकामागून एक छापली. प्रकाशक म्हणूनही त्यांचेच नाव आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मिशनऱ्याने संत वाचले ते धर्मांतराची वाट सोपी व्हावी म्हणून. आक्षेप पोकळ नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळकच म्हणत, आणि मिशनच्या वर्तुळात त्या बोलण्याचे मोल मोठे होते. पण हेतूचा निवाडा करायला आपल्याजवळ साधन तरी कोणते? साधन एकच, छापलेला मजकूर. तेव्हा दासोपंतांची कथाच पाहा. सरकारी सारा थकला म्हणून बिदरच्या बादशहाने देशपांड्यांचा पोर, म्हणजे दासोपंत, ओलीस ठेवला. मुदतीत रक्कम आली नाही तर त्याला मुसलमान करणार, असे बजावले. अखेर दत्तात्रेय पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या महार सेवकाच्या, वेषात दरबारी आले, पैसे मोजले आणि पोराला सोडवून नेले. म्हणजे धर्मांतर टळावे म्हणून प्रत्यक्ष देव धावला, अशी ही गोष्ट! ज्या माणसाचा उभा जन्म धर्मप्रसारात गेला, त्याने ती इंग्रजीत आणली. हेतू पुलाचाच असता तर पहिली कात्री इथेच लागायला हवी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चमत्कार जसेच्या तसे ठेवले की परक्या वाचकाला संत भोळसट दिसतात; विचार निवडून द्यायला हवे होते. मला हे पटत नाही. निवडलेला विचार हा निवडणाऱ्याचा असतो. संतचरित्रकार महिपतींनी १७६२ साली भक्तविजय हा संतकथांचा ग्रंथ रचला तो कीर्तनाला बसणाऱ्या माणसांसाठी, आणि त्या माणसांना चमत्कार वगळलेला नामदेव ओळखूसुद्धा आला नसता. ॲबटांनी भक्तविजयाच्या भाषांतरात त्याचे सत्तावन्नही अध्याय घेतले. हे काम एकट्याचे नव्हे. पंडित नरहर गोडबोले जोडीला होते, आणि शब्दाशब्दाशी झटापट करताना त्यांचा हात किती असेल, हे मराठी ओवी वाचणाऱ्याला सांगायला नको. ॲबट १९३२ साली वारले. भक्तविजयाचे दोन खंड १९३३-३४ मध्ये निघाले, दोघांच्या नावाने. आपण मात्र ॲबटांचे कौतुक करतो आणि गोडबोल्यांना विसरतो. मराठवाड्यातल्या एखाद्या अभ्यासकाने आता या पंडितांचे चरित्र शोधायला घ्यावे.