छावणी आणि बाजार

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सैन्याचा विचार बहुधा रणांगणापासून सुरू होतो आणि विजयोत्सवापाशी संपतो. वस्तुतः सैन्याच्या आयुष्यात लढाईचे दिवस फार थोडे. उरलेल्या दिवसांत ते कोणत्या ना कोणत्या गावाशेजारी तळ देऊन असते. त्या गावात बाजार असतो, पाणवठा असतो, शेतात पीक उभे असते. हातात शस्त्र असलेल्या माणसाने शस्त्र नसलेल्या माणसाशी कसे वागावे, हा प्रश्न तेथे रोज उभा राहतो. आजच्या सैन्यात या प्रश्नाची जबाबदारी ज्यांच्याकडे असते, त्यांना लष्करी पोलीस म्हणतात. त्यांच्या कामाची परंपरा समजून घेण्यासाठी म्हैसूर आणि त्याच्या परिसरासारखा धडा दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि त्या धड्यात मराठी माणसाचा वाटाही मोठा आहे.

म्हैसूरपासून चार-पाच कोसांवर कावेरीच्या बेटावर श्रीरंगपट्टण आहे. ४ मे १७९९ रोजी इंग्रजी फौजांनी त्या किल्ल्याला पाडलेल्या खिंडारातून आत प्रवेश केला आणि टिपू सुलतान लढताना मारला गेला. इतिहासाची पाठ्यपुस्तके येथे थांबतात. त्या रात्री जे घडले ते मात्र शहराने दीर्घकाळ भोगले. विजयी शिपाई घराघरांत शिरले आणि क्वचितच एखादे घर लुटीतून सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी शहराचा ताबा कर्नल आर्थर वेलस्ली याच्याकडे देण्यात आला. त्याने सरसेनापती हॅरिस याच्याकडे पहिल्याच दिवशी जी मागणी केली, ती अधिक फौजेची किंवा दारूगोळ्याची नव्हती. प्रोव्होस्टला, म्हणजे सैनिकांवर पोलिसी अधिकार चालवणाऱ्या अंमलदाराला, आपल्या हुकुमाखाली पाठवावे, असे त्याने लिहिले. काही लुटारूंना फासावर दिल्याखेरीज लूट थांबणार नाही, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय होता. चार जणांना फाशी झाली, अनेकांना फटके बसले, आणि सायंकाळपर्यंत शहर शांत झाले. पुढे काही दिवसांत लोक परतले, दुकाने उघडली.

या प्रसंगाकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. शिस्तीचा दोर शिपायांच्या गळ्यापर्यंत पोहोचला. टिपूच्या खजिन्याची वाटणी मात्र रीतसर समिती नेमून, हुद्द्याप्रमाणे हिस्से ठरवून झाली, आणि सर्वांत मोठा वाटा सरसेनापतीकडे गेला. घरातील भांडी उचलणारा शिपाई गुन्हेगार ठरला, राज्याचा खजिना वाटून घेणारे अधिकारी सन्मानित झाले. तरीही एक गोष्ट खरी उरते. ज्या दिवशी वेलस्लीने स्वतःच्याच सैनिकांविरुद्ध हात उचलला, त्याच दिवशी शहराचा श्वास मोकळा झाला. लष्करी पोलिसाचे काम हेच आहे. त्याची नजर शत्रूवर असते तितकीच स्वकीयांवर असते, आणि म्हणून ते काम अवघड असते.

श्रीरंगपट्टणची शिस्त शिक्षेने आली होती. शिक्षेची वेळच येऊ नये, असा विचार त्याच्या सव्वाशे वर्षे आधी मराठीत लिहिला गेला होता. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणच्या परिसरात छावणीस होते. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात उपदेशापेक्षा हिशेब अधिक आहे. साठवलेला दाणा आणि गवत आताच बेपर्वाईने उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही. मग घोडी उपाशी मरतील आणि तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी धान्य आणेल, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. गरीब रयत गाव सोडून जाईल आणि यांच्यापेक्षा मोगल बरे असे म्हणेल, असा त्याचा आशय आहे. लागेल ते बाजारातून विकत आणावे, कोणावर जुलूम करू नये, अशी आज्ञा आहे. उंदराने दिव्याची पेटती वात पळवली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचाही विचार त्यात आहे.

या पत्रात नेतृत्वाचा एक मूलभूत सिद्धांत आहे. सैनिक लुटारू होतो तो बहुतेक वेळा उपाशी राहिल्यामुळे, आणि तो उपाशी राहतो तो वरच्याने नियोजन न केल्यामुळे. म्हणून पत्र सामान्य शिपायाला लिहिलेले नाही; ते त्याच्या वरिष्ठांना लिहिलेले आहे.

मराठी माणूस आणि म्हैसूरचा मुलूख यांचा संबंधही तितकाच जुना आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती आणि त्यांचा अंत १६६४ मध्ये चन्नगिरीजवळील होदिगेरे येथे झाला. त्या काळापासून अनेक मराठा घराणी कर्नाटकात स्थिरावली. म्हैसूरच्या घोडदळाची भाषा त्याची साक्ष देते. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल असे. घोडा मेला की घराचे उत्पन्न बुडे. त्यामुळे शिलेदार जनावराची काळजी जीवापाड घेई. परंतु पगार थकला तर दाणावैरण कोठून तरी मिळवण्याचा मोहही त्यालाच सर्वांत जास्त होई.

टिपूनंतर वडियार राजघराणे पुन्हा गादीवर आले आणि राज्याचा कारभार दिवाण पूर्णय्या यांच्याकडे राहिला. देशस्थ माध्व ब्राह्मण घराण्यातील हे गृहस्थ हैदर आणि टिपू यांच्या कारभारातही वरिष्ठ पदांवर होते. पगार, रसद आणि बैलांचे तांडे यांचे गणित त्यांना पक्के ठाऊक होते. १८०३ साली वेलस्ली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्यावर चालून गेला, तेव्हा म्हैसूरचे घोडदळ त्याच्यासोबत होते. इंग्रजी कागदांत त्याच्या सरदाराचे नाव बिस्नाप्पा पंडित असे येते. पूर्णय्यांनी मागून धान्य आणि जनावरे पुरवली.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, असईची लढाई झाली. म्हैसूरचे स्वार आणि पेशव्यांचे स्वार यांना मुख्य हल्ल्यात स्थान नव्हते. कैलना नदीच्या दक्षिण काठावर उभे राहून शत्रूच्या प्रचंड घोडदळावर नजर ठेवणे आणि त्याला पाठीमागून येऊ न देणे, हे काम त्यांच्याकडे होते. बखरींत आणि चित्रांत अशा कामाला जागा मिळत नाही. मित्रफौजांच्या सहकार्याचे मर्म मात्र त्यातच आहे: आपल्या वाट्याला आलेले काम, मग ते नजरेत न भरणारे का असेना, जागा न सोडता करणे.

मराठी श्रोत्याला येथे एक बोच जाणवणे स्वाभाविक आहे. म्हैसूरच्या ज्या शिलेदारीची भाषाच मराठी होती, ती त्या दिवशी शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध बाजूस उभी होती. आणि त्याच बाजूस पेशव्यांचेही स्वार होते. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. शिस्त सैनिकाला कसे लढावे हे शिकवते. कोणासाठी लढावे हे राज्यकर्ते ठरवतात. तो निर्णय चुकला तर उत्तम प्रशिक्षित फौजही परक्याच्या राज्याचा पाया बनते. म्हणून शिस्तीचे कौतुक करताना ती कोणाच्या हुकुमाखाली आहे, हा प्रश्न नागरिकांनी कधीही सोडता कामा नये.

१८०७ च्या पूरक तहाने म्हैसूरने चार हजार घोडेस्वार बाळगावेत असे ठरले. पूर्णय्यांच्या निवृत्तीनंतर राज्याची आर्थिक घडी विस्कटली, फौजेचे पगार थकू लागले, नगर प्रांतात बंडाळी झाली आणि १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत शिलेदारांचे रूप पालटले. खजिन्याच्या गाड्यांना सोबत करणे, रस्त्यांवर गस्त घालणे, दंग्याच्या वेळी मुलकी अधिकाऱ्यांच्या मदतीस जाणे, अशी कामे त्यांच्याकडे आली. अर्धा सैनिक आणि अर्धा पोलीस, अशी ही चाकरी होती. १८८१ मध्ये राज्य वडियारांकडे परत आले आणि १८९२ मध्ये म्हैसूर लान्सर्स ही नियमित पलटण उभी राहिली. शिलेदारी मागे पडून ठरलेला पगार, सरकारी शिस्त आणि रोजची कवाईत आली.

या घडणीची कसोटी दूरच्या भूमीवर लागली. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचे स्वार इजिप्तला गेले, सुएझ कालव्याच्या रक्षणात होते आणि पुढे पॅलेस्टाइनमध्ये पोहोचले. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या लान्सर्सची मिळून एक ब्रिगेड होती. असईच्या लढाईला बरोबर ११५ वर्षे होत होती, त्या दिवशी, म्हणजे २३ सप्टेंबर १९१८ रोजी, तिच्यापुढे हैफा बंदर होते. एका बाजूस कार्मेल पर्वत, दुसऱ्या बाजूस किशोन नदी आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर तुर्कांच्या आणि जर्मनांच्या तोफा आणि यांत्रिक बंदुका, अशी ती जागा होती.

हा हल्ला यशस्वी झाला तो कामाच्या वाटणीमुळे. म्हैसूरची एक तुकडी आधीच कार्मेलच्या कड्याची वाट चढून वरच्या तोफांकडे निघाली. तिच्या मदतीस ब्रिटिश स्वारांची तुकडी गेली. तोफखान्याने खालून मारा धरला. दुपारी जोधपूरच्या स्वारांनी मुख्य दौड केली. नदीकाठची दलदल लागताच त्यांनी डावीकडे वळून डोंगरपायथ्याच्या बंदुका ताब्यात घेतल्या. त्यांचे नेते मेजर दलपतसिंह शेखावत या लढाईत धारातीर्थी पडले. म्हैसूरच्या उरलेल्या तुकड्या त्यांच्यामागून शहरात शिरल्या. वेगवेगळ्या संस्थानांचे, वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या धर्मांचे हे लोक. त्यांच्यापैकी प्रत्येकाला दुसरा कोठे आहे आणि काय करणार आहे याचा भरवसा होता. ब्रिगेडचे आठ जण मारले गेले, चौतीस जखमी झाले आणि साठ घोडी मेली. सुमारे १,३५० शत्रुसैनिक कैद झाले.

या शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. इतके नि:शस्त्र कैदी आणि नुकतेच जिंकलेले शहर हाती असते, तेव्हा दौडीचा आवेश उपयोगाचा नसतो. कैद्यांना पाणी देणे, मोजणे, सुखरूप मागे नेणे आणि दुकानांची कुलपे शाबूत ठेवणे, हे काम त्याच दमलेल्या माणसांना त्याच संध्याकाळी करावे लागते. श्रीरंगपट्टणच्या रात्री आणि अशा संध्याकाळी जो फरक असतो, तो प्रशिक्षणाचा असतो. या तीन संस्थानांच्या स्वारांची स्मृती दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकात आहे. २०१८ मध्ये त्या चौकाला हैफाचे नाव जोडले गेले. म्हैसूर लान्सर्सचा वारसा स्वातंत्र्यानंतर इतर संस्थानी घोडदळांसह ६१ व्या कॅव्हलरीत विलीन झाला.

आज ही जबाबदारी भारतीय सैन्यात कोअर ऑफ मिलिटरी पोलीस या स्वतंत्र दलाकडे आहे. लाल टोपी ही त्यांची ओळख आणि ‘सेवा तथा सहायता’ हे ब्रीद. त्यांचे प्रशिक्षण केंद्र बंगळूरला आहे. छावणीतील शिस्त, लष्करी वाहनांची वाहतूक, गुन्ह्यांचा तपास, युद्धकैद्यांची व्यवस्था आणि मुलकी पोलिसांशी समन्वय ही त्यांची कामे होत. ८ मे २०२१ रोजी तेथून महिला सैनिकांची पहिली तुकडी, ८३ जणींची, एकसष्ट आठवड्यांचे प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. अधिकारी म्हणून स्त्रिया सैन्यात पूर्वीपासून होत्या. शिपाई म्हणून त्यांना प्रथम दार उघडले ते लष्करी पोलिसांनी. त्यामागे व्यवहाराचा विचार आहे. झडती असो, चौकशी असो, निर्वासितांची छावणी असो, तेथील स्त्रियांशी बोलणारी स्त्रीच असेल तर भीती कमी होते आणि सत्य लवकर हाती येते.

म्हैसूरमध्ये राज्य पोलिसांची प्रबोधिनी आहे आणि अश्वारूढ पोलिसांचे पथकही आहे. दसऱ्याच्या जंबू सवारीत हे पथक दिसते. सवारीच्या आधी काही दिवस हत्तींना आणि घोड्यांना तोफांच्या आवाजाची सवय करून दिली जाते. लाखोंच्या गर्दीत तोफ उडाली आणि घोडा बिथरला, तर रस्त्याकडेला बसलेले मूल त्याच्या टापांखाली येईल. त्यामुळे घोड्याला आवाज ओळखीचा करून द्यावा लागतो आणि स्वाराला त्याच्या मानेवर हात ठेवून स्वतः शांत राहावे लागते. बाहेरून शोभेचे दिसणारे हे काम आतून सराव आणि संयम यांचे आहे.

पालकहो, या शाळेतून बाहेर पडणारी काही मुले-मुली सैन्यात जातील, काही पोलिसांत; बहुतेक जण कोठल्या तरी कचेरीत, दवाखान्यात, कारखान्यात कोणावर तरी अधिकार चालवतील. धैर्य त्यांना लागेलच. त्याहूनही अधिक लागेल ती स्वतःच्या माणसाला चुकीपासून रोखण्याची हिंमत, हाताखालच्याच्या दाण्यागोट्याची आधी तजवीज करण्याची दूरदृष्टी, आणि दुसऱ्याला श्रेय मिळत असतानाही आपली जागा न सोडण्याची सवय. या तिन्ही गोष्टी हुकूम सोडून येत नाहीत. त्या लहानपणी, रोजच्या वागण्यात, शाळेच्या ओसरीवर आणि घराच्या माजघरात लागतात. साठ वर्षे हे काम येथे चालले आहे. ते पुढेही तितक्याच निगुतीने चालो, हीच या महोत्सवाच्या निमित्ताने सदिच्छा.