दाताचे मूळ



या व्यासपीठावर गेल्या चार दिवसांत वेदान्त झाला, ग्रहतारे झाले. आज दात. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, उसन्या पुस्तकांतून झाले. तरी हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे.

आमच्या युनियनमधल्या एका यंत्रमाग कामगाराची दाढ ठणकू लागली. मजुरी मीटरवर, खाडा केला की पैसे बुडाले. त्याने दाढेत लवंग धरली, मग तंबाखूची चिमूट, मग दुकानातल्या गोळ्या. काही दिवसांनी ठणका एकाएकी थांबला. ‘बरी झाली’ म्हणून त्याने सर्वांना चहा पाजला. मीही प्यालो. महिनाभराने त्याचा जबडा गळ्यापर्यंत सुजला. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. अशी सूज श्वासही कोंडू शकते. तो वाचला, पण त्या चहाची मला अजून लाज वाटते.

ठणका थांबला त्या दिवशी झाले काय होते? दात म्हणजे दगड नव्हे. वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण खरे. पण आत पोकळीत मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. मुळांतल्या बारीक नळ्यांतून तो जबड्याशी जोडलेला असतो. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि कवच पोखरतात. कीड म्हणतात ती हीच, त्यात किडा कुठेही नसतो. ही कीड गराजवळ पोचली की गर सुजू पाहतो. बोटाला ठेच लागली तर बोट फुगते. दातातल्या गराने फुगावे कुठे? चहूकडून भिंती! म्हणून तो ठणका. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री अधिक. अखेर गर मरतो. ओरडणाराच मेला, म्हणून शांतता. कारखान्यात सामसूम झाली की तंटा मिटला असे कित्येक मालक समजतात, त्यातलीच ही गत. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मेलेल्या गरात रक्त जात नाही, तेव्हा गोळीचे औषध तरी तिथे कसे पोचणार?

म्हणून रूट कॅनाल. जागा बधिर करून दाताला वरून भोक पाडतात. क्ष-किरणांच्या चित्रावरून मुळांची लांबी पाहतात, केसासारख्या कानशींनी नळ्या साफ करतात आणि कपड्यांच्या ब्लीचच्याच जातीच्या द्रावणाने धुतात. मग त्यांत गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. १८५१ साली इंग्लंड-फ्रान्समध्ये समुद्राखालून तारायंत्राची तार टाकली, तिच्यावर याचेच वेष्टन होते. वाचून मला मौज वाटली.

मेलेला दात ठेवायचा कशाला, असे कोणी विचारील. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रिअलला व्याख्यान देऊन दातांतल्या पुवावर अनेक रोगांचे खापर फोडले. त्यानंतर कित्येक वर्षे संशयावरून चांगले दातही उपटले गेले. पुढच्या तपासात ती समजूत टिकली नाही. मूळ उभे चिरले असेल, हाड झिजून दात ढिला झाला असेल, तर काढणेच बरे. त्यात कमीपणा नाही. पण काढणे स्वस्त, एवढ्यासाठीच काढायचा? मोकळ्या जागेत शेजारचे दात कलतात, एका बाजूने चावणे सुटते. भाकरी खाणाऱ्याला हा खर्च नंतर कळतो.

शेवटी स्वतःचे सांगतो. माझ्या दाढेचे रूट कॅनाल झाले. पोखरून पोकळ झालेल्या दाढेवर टोपी बसवावी लागते, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. दुखणे थांबले होते, हाती पैसा नव्हता, मोर्चाची गडबड होती. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालो. सहाव्या महिन्यात भाजलेले शेंगदाणे खाताना दाढ उभी दुभंगली, आणि ती काढावी लागली. रूट कॅनालचे पैसे गेले ते गेलेच.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.