झिदानच्या वाटेतला गडी



फुटबॉलच्या संघात गोल करणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, गोल अडवणाराही राहतो. मधल्या फळीत समोरच्याचा डाव आधीच ओळखून त्याची वाट अडवणारा गडी मात्र विसरला जातो. स्कॉटलंडचा पॉल लॅम्बर्ट असाच एक गडी, आणि म्हणूनच आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

१९६९ मध्ये ग्लासगोत जन्मलेल्या लॅम्बर्टने १९८७ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, सेंट मिरनबरोबर स्कॉटिश कप जिंकला. पुढे तो मदरवेलकडे गेला. १९९४ च्या यूएफा कपमध्ये मदरवेलची गाठ जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडशी पडली आणि मदरवेलचा पराभव झाला. दोन वर्षांनी लॅम्बर्टचा करार संपला. डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालामुळे करार संपलेल्या खेळाडूला क्लबांमध्ये पैशांची देवघेव न होता युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबात जाण्याची मुभा नुकतीच मिळाली होती. लॅम्बर्ट तेव्हा सव्वीस वर्षांचा. घरच्या मैदानावर बस्तान बसलेलं असताना तो थेट त्याच डॉर्टमुंडच्या दारात चाचणी द्यायला उभा राहिला!

चाचणीत तो उतरला आणि डॉर्टमुंडचे प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी त्याला बचावफळीच्या पुढ्यात खेळवलं. २८ मे १९९७ रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. समोर गतविजेता युव्हेंटस, आणि त्यांच्या खेळाचा सूत्रधार झिनेदिन झिदान. त्याला रोखायची जबाबदारी लॅम्बर्टवर होती. हे काम नुसतं पाठीमागे धावून होत नाही. चेंडू झिदानकडे येण्याआधीच त्याच्या वाटेत उभं राहायचं, चेंडू मिळालाच तर त्याला गोलकडे तोंड करून मोकळेपणाने वळू द्यायचं नाही, आणि तरीही पंचांना शिट्टी वाजवायला कारण द्यायचं नाही. हे नव्वद मिनिटं! एवढं करून डॉर्टमुंडचा पहिला गोल झाला तो लॅम्बर्टच्याच क्रॉसवर. कार्ल-हाइन्झ रिडलेने चेंडू छातीवर घेतला आणि जाळ्यात धाडला. डॉर्टमुंड ३-१ ने जिंकलं. १९९२ मध्ये स्पर्धेला चॅम्पियन्स लीग हे नाव मिळाल्यानंतर ती जिंकणारा लॅम्बर्ट पहिला ब्रिटिश खेळाडू ठरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो स्कॉटलंडला परतला आणि सेल्टिक क्लबकडे गेला. सेल्टिकचा प्रतिस्पर्धी रेंजर्स स्कॉटिश लीगच्या सलग दहाव्या विजेतेपदाच्या तयारीत होता. १९९८ मध्ये सेल्टिकने तो घोडा अडवला. २००१ मध्ये स्कॉटलंडमधल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा सेल्टिकने जिंकल्या.

खेळाडू म्हणून एवढं मिळवूनही प्रशिक्षक होताना त्याला सगळं नव्याने शिकावं लागलं. त्यासाठीचा परवाना त्याने जर्मनीत जाऊन मिळवला. पहिली नोकरी लिव्हिंग्स्टनची, ती वर्षभरही टिकली नाही. मग इंग्लंडमधलं विकम्ब, मग कोलचेस्टर. ८ ऑगस्ट २००९ रोजी कोलचेस्टरने नॉरिचला नॉरिचच्याच मैदानावर ७-१ असं लोळवलं. पूर्वार्धातच यजमानांचे दोन चाहते मैदानात घुसले आणि त्यांनी आपली हंगामाची तिकिटं स्वतःच्या संघाच्या व्यवस्थापकाकडे भिरकावली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत नॉरिचने नवा व्यवस्थापक नेमला. कोण? पॉल लॅम्बर्ट. ज्या संघाची त्याने दाणादाण उडवली, तोच संघ घेऊन तो २०१० मध्ये तिसऱ्या श्रेणीत पहिला आला, २०११ मध्ये दुसऱ्या श्रेणीत दुसरा, आणि नॉरिच थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचलं. तिथे पहिल्याच हंगामात बारावं स्थान मिळालं.

पुढची वर्षं खडतर गेली. ॲस्टन व्हिलात खालच्या क्रमांकांवरची झुंज संपली नाही. स्टोक आणि इप्सविच तर त्याच्या कारकिर्दीतच खालच्या श्रेणीत गेले. हे लपवण्याचं कारण नाही. प्रशिक्षक लॅम्बर्टपेक्षा खेळाडू लॅम्बर्ट मोठा होता; नॉरिचची ती तीन वर्षं मात्र खेळाडूच्या तोडीची होती.

म्युनिकच्या त्या सामन्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. तुमच्यापैकी जे मधल्या फळीत खेळतात, त्यांनी ते जरूर मिळवून पाहावं, आणि पूर्ण सामनाभर चेंडू सोडून लॅम्बर्टवर नजर ठेवावी.